जांभूळटोल्याला गेलेली आई

आईनं टेबलावरचा कपडा पुन्हा एकदा ओढून काढला, तेव्हा पाहुण्यांची गाडी फाटकाशी येऊन थांबली होती.

"आई, आले ते," मी म्हणाले.

"येऊ दे. ही घडी दिसतेय बघ, मधोमध. इस्त्री लाव."

"दादाच्या सासरचे लोक आहेत. कपडा बघायला नाही आलेत ते."

"इस्त्री लाव, चारू."

बाहेर बाबूजींचं "या, या" सुरू झालं होतं. मी इस्त्री लावली नाही. आई तो कपडा घेऊन तिथंच फरशीवर बसली आणि तळहातानं सपाट करायला लागली. एका बाजूनं दाबत न्यायची, उचलून बघायची, पुन्हा दाबायची. पाहुणे आत आले. होणाऱ्या व्याह्यांचे नमस्काराला जोडलेले हात तसेच राहिले. आई वर बघेना. बाबूजी "हेमा" म्हणाले, मग पुन्हा एकदा म्हणाले, अगदी हळू. ते कायम हळूच बोलायचे. शेवटी मी काखेत हात घालून तिला उठवलं, तेव्हा कळलं, बाईच्या अंगात वजन असं राहिलंच नव्हतं. रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस इतकं झिजलं होतं आणि मला ते हातात आल्यावर समजलं.

"कामाची दगदग," बाबूजी पाहुण्यांना सांगत होते. "लग्नघर म्हटलं की चालायचंच."

आमचं घर नागपुरात प्रतापनगरला होतं. बाबूजी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. दादा पुण्याला नोकरीला, मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. कॉलनीत 'हेमाताईंचं घर' म्हणून आमच्या घराचं नाव होतं. बायका आपल्या नव्या सुनांना मुद्दाम घेऊन यायच्या, बघा म्हणून. दिवाळीच्या चकल्या तळून झाल्या की आई त्यातल्या एकसारख्या तेवढ्या डब्यात भरायची आणि बाकीच्या मोलकरणीला देऊन टाकायची. आम्ही घरात वाकडी चकली कधी खाल्ली नाही. रुमालांना इस्त्री, पायपुसण्यांना इस्त्री. सकाळचा चहा ती ओट्याशी उभ्यानं प्यायची, तोही निवल्यावर, आणि कप लगेच धुऊन ठेवायची. साबणानं तिच्या बोटांची पेरं फुटलेली असायची. रात्री ती त्यांना खोबरेल लावायची आणि सकाळी पुन्हा साबण.

बाबूजी तिला कधी रागावले नाहीत. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते, कारण ते खरं आहे. ऑफिसातून आले की बूट काढता काढता ते शोकेसवरून एक बोट फिरवायचे. बोट बघायचे. मग म्हणायचे, "वा." कधी म्हणायचे नाहीत. तेवढंच.

आमचे डॉक्टर म्हातारे होते, आईला लग्न होऊन आल्यापासून ओळखत होते. त्यांनी तिचे हात उलटेपालटे करून बघितले. ती झोपते का, जेवते का, ते तिला न विचारता मला विचारलं. मग बाबूजींना म्हणाले, "झोपेच्या गोळ्या देतो, पण ते काही औषध नव्हे. यांना काही दिवस या घरातून बाहेर काढा. मोकळ्या हवेत जाऊ द्या. आणि तिथं यांना कोणी काही सांगू नका."

"हिला कोण काय सांगतं, डॉक्टर?" बाबूजी म्हणाले. आणि तेही खरंच होतं.

आईची धाकटी बहीण, कलामावशी, नवेगावबांधकडे जांभूळटोला नावाच्या लहानशा वस्तीत राहायची. मावसाजी वारले होते. मावशी दोन बैल, धानाच्या चार बांध्या आणि परसातली भाजी यांच्यावर एकटीच होती. ती बसनं आली, एका पिशवीत आईच्या साड्या कोंबल्या, घडी मोडली तरी फिकीर केली नाही आणि आईला घेऊन गेली. जाताना आई मला म्हणाली, "पडद्यांचे हूक मोज. एक कमी आहे." मावशीनं तिला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या.

पौष होता तेव्हा. ती पंधरा दिवसांत येईल असं सगळे धरून चाललो होतो.

आई गेली त्या संध्याकाळी बाबूजींनी शोकेसवरून बोट फिरवलं. बघितलं. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मी पुसून ठेवलं. मग ते "वा" म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आईला हे रोज मिळत होतं, असं मनात आलं.

महिना गेला. मी पहाटे उठून स्वयंपाक करायची, कॉलेजला जायची, आल्यावर कपडे. पोळी जाड झाली की बाबूजी ती शेवटी खायचे, बस, इतकंच. मी म्हटलं, डबा लावू या का, माझी परीक्षा आहे. "लावू न, बेटा," ते म्हणाले. "तुला जमत नसेल तर लावू." त्यानंतर मी डब्याचं नाव काढलं नाही. वनस्पतिशास्त्रात मला एमएस्सी करायचं होतं. पुस्तक उघडलं की पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसायची. मी स्टूल घेऊन ती पुसायची आणि पुसताना रडायची.

होळी झाली. दादाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. बाबूजी म्हणाले, "आता तिला घेऊन ये. फार झालं." मला तेच हवं होतं. आई आली की मी खोलीचं दार लावून घेणार होते आणि परीक्षेपर्यंत उघडणार नव्हते. साकोलीला बस बदलली तेव्हा मी खिडकीशी बसून, आईला काय सांगायचं ते तोंडपाठ केलेलं मनातल्या मनात म्हणत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळसाचा बहर ओसरायला लागला होता.

टोल्यावर पोचले तर मावशीच्या दाराला कडी. शेजारणीनं बोट दाखवलं, "बोडीवर हायेत दोघी."

बोडी म्हणजे गावचा लहानसा तलाव. मातीच्या पाळीवर चढून बघितलं, तर पलीकडच्या काठाला एक बाई पाण्यात पाय सोडून बसली होती. केस मोकळे, पदर कमरेला खोचलेला. ती काहीतरी खात होती आणि बिया पाण्यात थुंकत होती, दूर जातील तितक्या दूर. मी मावशीला शोधत होते म्हणून आधी तिच्यावरून नजर पुढे गेली. मग ती हसली आणि मला आवाज ओळखू आला.

"चारू! अवं, कधी आली तू?"

माझी आई 'अवं' म्हणाली. नागपुरात ती अशी कधीच बोलली नव्हती. आम्ही चुकून 'मले' म्हटलं तरी ती 'मला' म्हणायला लावायची.

तिच्या गालावर मांस आलं होतं. हात खरखरीत होते, पण मातीनं. पेरं भरून आली होती. घरी येताना ती मला परस दाखवायला घेऊन गेली. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, दोडक्याचा वेल. सरी कुठं रुंद, कुठं अरुंद, एके ठिकाणी तर वळूनच गेली होती.

"ही वाकडी कशी झाली?" मी विचारलं.

"मीच केली न. मधात मुंग्यांचं वारूळ होतं. म्हटलं, राहू द्या त्यायले."

मावशी मागून हसत म्हणाली, "तुझी माय आता सारी कामं अशीच करते. काल भात लावला अन् पाखरं पाहत बसली. करपला. खाल्ला आम्ही तसाच."

दुपारी आई झोपली. बाजेवर, आंब्याच्या सावलीत, तोंड उघडं टाकून. मी तिला दुपारी झोपलेली जन्मात बघितली नव्हती. मी बाजूला बसून राहिले. एखादं पान खाली पडत होतं, तिच्या पोटावर येऊन थांबत होतं, श्वासाबरोबर वर खाली होत होतं. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मला तिला गदागदा हलवून उठवावंसं वाटलं. मी कित्येक आठवडे धड झोपले नव्हते.

मी उठले आणि मावशीची भांडी घासायला घेतली. आधीच घासलेली होती, पण बुडाशी काळी होती. राख घेतली, चिंच घेतली. मग मडक्यांची उतरंड सारखी केली. मग दोरीवरचे कपडे काढून नीट घड्या घातल्या. मावशी दारात येऊन उभी राहिली.

"बाई, बस न जराशी. काहून अशी करून रायली?"

"होतच आलं, मावशी."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग बैलांना पाणी दाखवायला गेली.

संध्याकाळी आई माझ्या केसांना तेल लावायला बसली. तिनं स्वतःच्याही केसांना लावलं, तळपायांना लावलं, सावकाश. "हे रोज करतो आम्ही," ती म्हणाली. "कला म्हणे, गाईले खरारा करता, मंग आपल्या अंगानं काय गुन्हा केला?" तिची बोटं माझ्या डोक्यात फिरत होती. मला गुंगी येत होती आणि मी ती येऊ देत नव्हते, कारण मला विचारायचं होतं.

"आई, उद्या सकाळच्या बसनं निघायचं न?"

बोटं थांबली नाहीत. "उद्या मोहफुलं वेचाले जाऊ," ती म्हणाली. "मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही तिघी मोहाच्या झाडाखाली होतो. झाडाला पान नव्हतं. वरून फुलं टपटप पडत होती, पिवळट, रसानं फुगलेली, आणि सगळ्या रानाला गोड, आंबूस वास सुटला होता. टोल्यातल्या बायका टोपल्या भरत होत्या, गप्पा मारत होत्या. आई त्यांच्यात मिसळून गेली. ओंजळीनं उचलायची, टाकायची. फुलांबरोबर काटकी येवो, पान येवो.

मी एका बाजूला बसून वेचत होते. बऱ्याच वेळानं कोणीतरी माझ्यासमोर उभं असल्याचं जाणवलं. आई होती. तिची टोपली काठोकाठ भरली होती. माझ्या टोपलीत तळही झाकला नव्हता. शेजारी जमिनीवर मी टाकलेल्या फुलांचा ढीग होता. कुठं डाग होता, कुठं मुंगी लागलेली, कुठं नुसतंच दबलेलं.

"कायले निवडते वं?" आई म्हणाली. "सारी वाळूनच जाणार. काळीच होतेत सारी."

"ही खराब आहेत."

ती खाली बसली. तिनं माझा हात ओढून घेतला आणि उलटा केला. माझी पेरं फुटली होती. मधल्या बोटाची भेग लालभडक होती आणि मोहाचा रस जाऊन ती चुरचुरत होती, पण तोपर्यंत मला ते कळलंच नव्हतं. आईनं दुसरा हात बघितला. तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला. डॉक्टरांनी तिचे हात बघितले होते तसे ती माझे बघत होती.

"कोण बोलते तुले?" तिनं विचारलं.

"कोणीच नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला ते माहीत होतं.

"आई, चल घरी," मी म्हणाले. सगळं पाठ केलेलं विसरले होते. "परीक्षा जवळ आली. मला अभ्यास करायचाय. तू आलीस की होईल सगळं. चल न."

झाडावरून फुलं पडत होती, आमच्या अंगावर पडत होती.

"मी नाही येत," ती म्हणाली.

"म्हणजे? आठ दिवसांनी येशील?"

"मी तिथं पाय ठेवला की आठ दिवसांत जशीच्या तशी होईन, चारू. मला माहीत आहे." आता ती नागपूरसारखं बोलत होती. "लग्नाला येईन. राहायला येणार नाही."

"आणि मी?"

"तू इथं राहा. पुस्तकं मागवू. इथून परीक्षेला जा."

"बाबूजींना कोण बघेल? लग्नाची तयारी कोण करेल?"

"डबा लावतील. तयारी होईल तशी होईल. नाही झाली तर नाही झाली."

"असं कसं नाही झाली?" मी ओरडले. बायका वळून बघायला लागल्या. "लोक काय म्हणतील? दादाच्या सासरचे आधीच..."

"चारू, राहू दे ते सगळं."

"तुला सोपं आहे म्हणायला!"

"सोपं नाही," आई म्हणाली. तिनं माझ्या टोपलीत आपली ओंजळ रिकामी केली, काटक्यांसकट. मी त्यातली काटकी उचलून बाहेर टाकली. तिनं बघितलं.

दुपारच्या बसनं मी एकटी निघाले. आई थांब्यावर आली होती. बस सुटेपर्यंत तिनं खिडकीचा गज धरून ठेवला होता. मला वाटत होतं, ती शेवटच्या क्षणी चढेल. खरंच वाटत होतं. बस हलली तसा तिनं गज सोडला.

त्या वर्षी मी परीक्षेला बसले नाही. अर्ज भरला होता, पण पहिल्या पेपरच्या दिवशी मांडववाला जागा बघायला येणार होता. पुढच्या वर्षी बसले, पास झाले. नागपुरातल्याच एका शाळेत नोकरी लागली. एमएस्सीचं नाव नंतर कोणी काढलं नाही आणि मीही नाही.

लग्न मात्र असं झालं की लोक अजून नाव काढतात. अक्षतांच्या पुड्या एका मापाच्या, पानाचे विडे एका मापाचे, पाहुण्यांच्या गाद्यांवर चुणी नाही. आई हळदीच्या सकाळी आली, मावशीबरोबर, एका पिशवीनिशी. वरमाई म्हणून जे जे करायचं ते तिनं केलं, ओवाळलं, हसली, पंगतीत बसून पोटभर जेवली. जिलबी मागून घेतली. कशाला हात लावला नाही, कशाचं बरंवाईट बोलली नाही. व्याही पुन्हा भेटले तेव्हा तिनं नीट हात जोडले. नवी सून घरात आली तेव्हा तिच्या आईनं, विहीणबाईंनी, घरभर नजर फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चारूनं सगळं अगदी हेमाताईंसारखं केलं हो! आईची उणीव भासू दिली नाही पोरीनं."

सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. बाबूजी म्हणाले, "वा." आई जिन्याशी उभी होती. तिनं कठड्याला हात टेकला आणि तशीच खालच्या पायरीवर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. बाबूजी पेपर घेऊन बसले होते.

"आता तरी राहशील न?" त्यांनी विचारलं.

"नाही जी. जाते मी."

"लोकांना काय सांगायचं?"

"प्रकृती बरी नसते म्हणा."

"पण तू तर चांगली दिसतेस."

"म्हणूनच," आई म्हणाली.

बाबूजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते वाईट माणूस नव्हते. शेवटपर्यंत त्यांना समजलं नाही की त्यांचं काय चुकलं, आणि मलाही त्यांना ते सांगता आलं नाही. ते गेले तोवर मी त्या घरात होते. अजूनही आहे. आई टोल्यावरच राहिली. पुष्कळ जगली, चांगली जगली. म्हातारपणी तिला बोडीवरचे पक्षी त्यांच्या आवाजावरून ओळखू यायला लागले होते, असं मावशी सांगायची. ती दरसाल मला बोलवायची. मी जायची, दोन दिवस राहायची, आणि इकडचं काहीतरी निघायचंच.

पण लग्नानंतर आई निघाली त्या सकाळी काय झालं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मावशी रिक्षा बघायला नाक्यावर गेली होती. मी आणि आई फाटकाशी उभ्या होतो. मी तिच्याशी तीन दिवस कामापुरतंच बोलले होते.

"छान केलंस सगळं," आई म्हणाली.

मी फाटकाची कडी काढली.

"एवढं छान करायचं नव्हतं गं."

"मग काय करायचं होतं?" मी म्हणाले. "कोणीतरी करायलाच हवं होतं न."

तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "त्या दिवशी मोहाखाली तुझे हात बघितले तेव्हाच मला कळलं होतं. मी आले तर तू सुटशील, हेही कळलं होतं. अगदी स्पष्ट कळलं होतं, चारू. नव्हतं कळलं असं म्हणणार नाही."

"मग?"

"माझ्या अंगात जे बळ आलं होतं, ते एकीपुरतंच होतं."

नाक्यावरून रिक्षा वळली. मावशी आतून हात हलवत होती. आईनं पिशवी उचलली. मला रडायला येईल असं वाटलं होतं, किंवा मी तिला काहीतरी भयंकर बोलेन असं. यातलं काहीच झालं नाही. माझी नजर तिच्या साडीवर गेली. घाईत नेसली असावी, निऱ्या एका बाजूला ओढल्या गेल्या होत्या. मी खाली वाकले, त्या सोडवल्या, एकेक करून बोटांत धरून सारख्या केल्या आणि खोचून दिल्या. आई हात वर धरून उभी राहिली. तिनं मला नाही म्हटलं नाही. मग ती रिक्षात बसली आणि निऱ्या चुरगाळून, पाय वर घेऊन, मावशीला टेकून बसली.